एका लांडग्यापुरती परवानगी

जेद्दाच्या उत्तरेला, इकॉनॉमिक सिटीचं बंदर आणि कारखाने मागे टाकून डोंगरांकडे जाणारा रस्ता जिथे अरुंद होतो, तिथे अबू नवाफचं वर्कशॉप आहे. लोखंडी दरवाजे, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड, मेंढवाड्यांच्या जाळ्या असलं काम तिथे चालतं. वेल्डिंग भिकू करतो. तो कणकवलीकडचा. ग्राइंडर आणि रंग चंदनकडे. तो राजापूरचा. वर्कशॉपच्या मागे अबू नवाफचं घर आहे, आणि घराच्या पलीकडे त्याच्या मेंढ्या. त्या सांभाळतो उस्मान, सुदानचा. तिघांचाही कफील, म्हणजे ज्याच्या नावावर ते या देशात राहतात तो मालक, एकच, अबू नवाफ.

शुक्रवारी दुपारची नमाज उरकली की उस्मान वर्कशॉपच्या पत्र्याखाली येऊन बसे. भिकूकडे फोनवर कीर्तनं भरलेली होती. कुडाळकडच्या एका बुवांची, साधीच, कोणीतरी देवळात मागे बसून टिपलेली. मधूनच पोरं रडायची, कोणी खोकायचं. उस्मानकडे त्याच्या गावच्या शेखची मदीह होती, पैगंबराच्या स्तुतीची गाणी, मोठ्या डफावर. आधी याचं, मग त्याचं, असा क्रम ठरलेला. भाषा दोघांनाही एकमेकांची कळत नव्हती. बोलणं सगळं मोडक्या हिंदीत आणि मोडक्या अरबीत.

"तुमचा माणूस गातो, मध्येच थांबतो का?" उस्मानने एकदा विचारलं होतं.

"आधी तत्त्व सांगतात. मग गोष्ट. मध्ये बुवांना हार घालतात, बुक्का लावतात, तेवढा दम."

"आमचा शेखही थांबतो. लोकांना रडायला वेळ पाहिजे ना."

भिकूला ते फार पटलं. तेव्हापासून बुवा थांबले की तो उस्मानकडे बघे, आणि उस्मान मान डोलवे.

लांडग्याबद्दल त्या भागात तेव्हा कोणी फारसं बोलत नसे. डोंगरांच्या पलीकडे राखीव क्षेत्र होतं, तिथून लांडगे उतरायचे, वर्षातून पाचसहा मेंढ्या जायच्या. लांडगा मारायचा नाही असा कायदा होता, दंड मोठा होता, तुरुंगही होता. मेंढी गेली की उस्मान सकाळी जाऊन सांगे, "लांडग्याने नेली." अबू नवाफ कॉफीचा पेला हलवत म्हणे, "सरकारचा लांडगा." शेजाऱ्याच्या वांड पोराबद्दल बोलावं तसं. शिव्या द्यायच्याच झाल्या तर त्या राखीव क्षेत्राच्या ऑफिसला. मग म्हणे, "जाऊ दे. त्याचा घास त्याला, माझा मला." उस्मानला त्यात कधी बोल लागला नाही. मारायचंच नाही म्हटल्यावर मेंढी गेली यात मेंढपाळाची काय चूक?

मग त्या हिवाळ्यात परवानगी निघाली.

लोकांच्या मनात राग साठतो, त्याला थोडी वाट करून दिली तर तो ओसरेल आणि बाकीचे लांडगे सुखाने राहतील, असा ऑफिसातल्या लोकांचा विचार होता. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. त्या खोऱ्यात एक लांडगा मारायचा, एकच, आणि तो ज्याच्या मेंढ्या जास्त गेल्या त्याने. ती परवानगी अबू नवाफला मिळाली.

त्याच आठवड्यात त्याने भिकूला बोलावलं. "रस्त्याच्या बाजूला एक खांब पाहिजे. उंच. वर आडवा हात, त्याला हूक. मजबूत. फहमत?"

"समजलं," भिकू म्हणाला.

त्याला वाटलं दिवा टांगायचा असेल, नाहीतर ईदला बकरा सोलायला. विचारलं नाही. जाड पाइप घेतला, खाली प्लेट देऊन चार बोल्टनी काँक्रीटमध्ये बसवला, हूकच्या कडा घासून गुळगुळीत केल्या, की मांस फाटू नये. एकदा केलेलं काम परत करायला लागू नये, हा त्याचा नियम. चंदनने दोन हात रंग दिला आणि म्हणाला, "ह्येच्यावर हत्ती टांगलो तरी वाकाचा नाय."

चार दिवसांनी अबू नवाफच्या बंदुकीने पडलेला लांडगा त्या हूकला टांगलेला होता. मागचे पाय बांधून, तोंड खाली. लांडगा तसा लहानखुराच. आपल्याकडच्या लांडग्याच्या मानाने कुत्र्याएवढा, लांब कानांचा. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या थांबत होत्या, माणसं फोटो काढत होती, अबू नवाफच्या मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या बैठकीत, खजूर आणि कॉफी फिरत होती. जुनी पद्धत होती ती त्या बाजूची. मारलेला लांडगा चव्हाट्यावर टांगायचा. कायद्यामुळे मोडली होती. म्हातारे लोक तरुणांना सांगत होते की त्यांच्या लहानपणी झाडं कशी लांडग्यांनी भरलेली असायची.

संध्याकाळी ऑफिसची गाडी आली आणि अटीप्रमाणे लांडगा घेऊन गेली. खांब राहिला.

"आता ह्येचा काय करतलो?" चंदनने खांबाकडे बघत विचारलं.

"दिवो लावतील."

"लावतील हां. आपल्या गावाक नाय काय, शेताच्या राखणेक बंदूक दिल्यानी माकडांसाठी, आणि टोपात शिजता डुक्कर."

भिकू हसला. पण चंदन चुकला नव्हता. महिन्याभरात खोऱ्याच्या पलीकडच्या एकाने आपल्या फाटकाला लांडगा टांगला, विनापरवाना. ऑफिसची गाडी आली नाही. मग दुसऱ्याने टांगला. लोक म्हणू लागले, सरकारनेच सांगितलं की हा मारण्यालायक आहे, मग एकाला का आणि दहांना का नाही? लांडगे वाढले नव्हते, मेंढ्याही जास्त जात नव्हत्या. पण मजलिसमध्ये आता "सरकारचा लांडगा" हे शब्द कोणी काढत नव्हतं. आता "तुझा किती, माझा किती" चालायचं. आणि अबू नवाफचा हूक रिकामा होता.

"तुझा दिवा अजून लागला नाही का, अबू नवाफ?" एका शेजाऱ्याने कॉफी पिता पिता, दिव्याच्या खांबासारख्या त्या रिकाम्या हूककडे बोट दाखवत विचारलं. लोक हसले. अबू नवाफही हसला.

त्यानंतर एक गाभण मेंढी गेली. उस्मान नेहमीसारखा सकाळी सांगायला गेला. अबू नवाफने पेला खाली ठेवला.

"तू कुठे होतास?"

हा प्रश्न उस्मानला इतक्या वर्षांत कोणी विचारला नव्हता.

"लोकांचे मेंढपाळ लांडगे मारतात," अबू नवाफ म्हणाला. "माझा मेंढपाळ मला येऊन बातमी देतो. हज संपेपर्यंत त्या खांबावर लांडगा दिसला नाही तर तुझा खुरूज करतो. दुसरा माणूस बघतो."

खुरूज म्हणजे कायमचं परत जाणं. आणि उस्मानच्या गावात परत जाण्यासारखं काही उरलं नव्हतं. लढाई त्याच्या घरावरून गेली होती. बायको आणि दोन मुली नदीपलीकडे नातेवाइकांच्या अंगणात राहत होत्या. लांडगा मारावा तर दुसरी गोष्ट होती. परवानगी एकाच लांडग्याची होती, ती वापरून झाली होती. उद्या ऑफिसला जाग आली तर तुरुंगात मेंढपाळ जाणार होता.

शुक्रवारी तो पत्र्याखाली येऊन बसला, पण फोन काढला नाही. भिकूने बुवांचं कीर्तन सुरू केलं, तेही त्याने हाताने थांबवलं, आणि सगळं सांगितलं. अबू नवाफने घरामागच्या खोलीतून विषाची बाटली काढून दिली होती. मांसात घालायची.

"नको घालू," भिकू म्हणाला.

"मग तू सांग त्याला."

अबू नवाफ वाईट माणूस नव्हता. भिकूची आई गेली तेव्हा त्याने त्याच दिवशी तिकीट काढून दिलं होतं. उस्मानच्या मुलीच्या आजारपणात त्याने न मागता मदत केली होती. अशा माणसाला आपण काय सांगणार? आणि भिकूची सुट्टी यायची होती. तीन वर्षांनी गावी जायचं होतं, त्या कागदावर सही अबू नवाफची लागणार होती.

"बघू," तो म्हणाला. बघू म्हणजे नाही, हे उस्मानला हिंदीतही कळत होतं.

आता इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ती जुनी आहे, पण तिच्यावाचून पुढचं समजायचं नाही.

पूर्वी एकदा वर्कशॉपसमोर दोन ट्रकवाले हातघाईवर आले होते. एकाने लोखंडी पहार उचलली. तेवढ्यात एक म्हातारा मध्ये आला आणि ओरडून म्हणाला, "अबू नवाफचं वज्ह तुमच्यामध्ये." वज्ह म्हणजे चेहरा. अबू नवाफ तेव्हा तिथे नव्हताच, जेद्दाला गेला होता. पण पहार खाली आली. नंतर उस्मानने समजावलं, की इथल्या कबिल्यांची रीत आहे. मोठ्या माणसाचं वज्ह मध्ये टाकलं की त्याच्या आड असलेल्याला हात लावायचा नाही. हात लावला तर त्या मोठ्या माणसाचं तोंड काळं झालं. आणि मग त्या माणसाला आड आलेल्याला राखावंच लागतं.

"हे म्हणजे आमचं गाऱ्हाणं," भिकू म्हणाला होता.

त्याचा मामा गावच्या देवळात गाऱ्हाणं घाली. देवासमोर उभं राहून, सगळ्या गावादेखत, मोठ्याने. बा देवा महाराजा, हे लेकरू तुझ्या पायाशी आलं आहे, चूकभूल असेल ती पोटात घाल आणि याचा सांभाळ कर. आणि प्रत्येक वाक्याला मागून सगळे म्हणत, व्हय म्हाराजा. खोलीवर गणपतीच्या दिवसांत भिकू दार लोटून, हलक्या आवाजात तेवढं गाऱ्हाणं घाली, आणि चंदन व्हय म्हाराजा म्हणे. मागे तेवढा एकच आवाज असायचा, पण रीत पुरी व्हायची.

"तुमचं देवासाठी," उस्मान म्हणाला होता. "हे माणसांसाठी. आणि सांभाळून. ज्याचं वज्ह टाकलं त्याला ते आवडलं नाही, तर टाकणाऱ्याची खैर नाही."

हज संपायच्या आत खांबावर लांडगा आला. मादी होती. आचळं दुधाने भरलेली होती, ते रस्त्यावरूनही दिसत होतं. फोटो काढायला या वेळी कमी लोक थांबले. अबू नवाफने शेजाऱ्यांना कॉफीला बोलावलं, आणि उस्मानच्या खांद्यावर हात ठेवून त्याला आत नेऊन बसवलं. उस्मानने एक खजूर हातात घेतला आणि शेवटपर्यंत हातातच धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या फोनवर ऑफिसचा नवा हुकूम आला. परवानगीनंतर लांडगे राखले जाण्याऐवजी जास्त मारले गेले आहेत, तेव्हा परवानगी बंद. यापुढे एकही नाही. आणि जे मारले गेले त्यांची चौकशी.

पलीकडच्या दोघांनी फाटकं तासाभरात रिकामी केली. अबू नवाफ तेव्हा झोपलेला होता. तो उठून बाहेर आला, तर खांबाखाली ऑफिसची गाडी उभी होती. दोन माणसं होती. त्यांतला मोठा शांत स्वभावाचा, हातात फोन घेऊन फोटो काढणारा. शेजारी गोळा होत होते. मजलिसच्या ओट्यावर कालच्याच सतरंज्या होत्या. अबू नवाफ तिथे बसला. कोणीतरी त्याच्या हातात कॉफी दिली.

"कोणी मारला?" अधिकाऱ्याने विचारलं.

"मेंढपाळ," ज्याने दिव्याचा विनोद केला होता तो शेजारी म्हणाला. "सुदानी आहे. हे लोक मनाला येईल ते करतात."

"गोळीची खूण नाही. विष कोणी दिलं?"

अबू नवाफ पेल्यात बघत होता. अधिकाऱ्याने त्याच्याकडे एकदा पाहिलं, वाट पाहिली, मग उस्मानकडे इकामा, राहण्याचा परवाना, मागितला आणि गाडीत बसायला सांगितलं. उस्मानने इकामा काढून दिला.

"आणि हा हूक पुरावा म्हणून न्यायचा आहे," अधिकारी म्हणाला. "कापणारं कोणी आहे का इथे?"

म्हणून भिकूला बोलावलं. तो ग्राइंडर घेऊन आला, चंदन शिडी घेऊन. आधी लांडगी उतरवली, तिच्यावर ताडपत्री टाकली. मग भिकू शिडीवर चढला. चंदनने खाली शिडी धरली. ग्राइंडर चालू झाला, ठिणग्या उडाल्या. काम भिकूने चांगलं केलेलं होतं, त्यामुळे कापायला वेळ लागत होता. वरून त्याला सगळं दिसत होतं. ओट्यावरची माणसं, गाडीच्या काचेमागचा उस्मान, आणि उस्मान नसलेला मेंढवाडा.

हूक खाली पडला. भिकूने ग्राइंडर बंद केला. चष्मा कपाळावर सारला. खाली उतरायचं तेवढं राहिलं होतं.

तो उतरला नाही. शिडीवरच, एका हाताने खांब धरून, त्याने मोठ्याने अरबीत हाक मारली.

"या अबू नवाफ."

सगळ्यांनी वर पाहिलं. त्याची अरबी कामापुरतीच होती, बोल्ट, पाइप आणि पगार यांच्यापलीकडे ती जात नव्हती. जे शब्द येत होते त्यांत तो बोलला. पण चाल मामाची होती, हळूहळू वर चढत जाणारी.

"या जागेचा तू धनी. तुझ्या शब्दाने हा खांब उभा राहिला."

"व्हय म्हाराजा," खालून चंदन म्हणाला. त्याने ठरवून म्हटलं नव्हतं. तोंडातून आलं.

"तुझ्या शब्दाने मांस टाकलं."

"व्हय म्हाराजा."

"हा उस्मान तुझा माणूस. तुझ्या भाकरीचा. चूक झाली असेल, पोटात घाल. आज तो तुझ्या वज्हमध्ये आहे. या सगळ्यांदेखत. राख त्याला."

"व्हय म्हाराजा."

चंदनचे शब्द ओट्यावर कोणाला कळले नव्हते, पण तीनदा आल्यामुळे ते कशाला तरी साक्ष देत आहेत एवढं कळलं होतं. एक म्हातारा पुटपुटला, "वज्ह टाकलं त्याने." दुसरा म्हणाला, "समोर बसलेल्याचं वज्ह कोण टाकतं?"

ती भिकूची चूक होती. वज्ह टाकायचं ते जो तिथे नाही त्याचं, की नंतर त्याला निरोप जावा, विचार करायला वेळ मिळावा, नको असेल तर काही सबब काढता यावी. माणूस समोर असेल तर आपण जवळ जाऊन, हळू आवाजात, त्याला विचारतो. गाऱ्हाण्यात मात्र देव समोरच लागतो. भिकूला दुसरी रीत ठाऊक नव्हती, आणि त्यामुळे अबू नवाफला सबब उरली नव्हती.

अबू नवाफचा चेहरा लाल झाला होता. त्याने भिकूकडे पाहिलं, वर, शिडीवर. मग त्याने पेला उलटा ठेवला, म्हणजे आता कॉफी पुरे, आणि उठला.

"फी वज्ही," तो म्हणाला. माझ्या चेहऱ्याआड.

मग अधिकाऱ्याकडे वळून, रोजच्या आवाजात, "खांब माझा. विष माझ्या घरातलं. मी सांगितलं, त्याने केलं. नाही म्हणाला असता तर मी त्याला हाकललं असतं. त्याला उतरव, मला बसव."

अधिकाऱ्याने मान डोलावली. उस्मानचा इकामा त्याने अबू नवाफच्या हातात दिला, अबू नवाफने उस्मानच्या. उस्मान उतरला, अबू नवाफ बसला आणि गाडी गेली. शेजारी एकेक करून उठले. दिव्याचा विनोद करणारा आधी.

भिकू शिडीवरून उतरला. चंदनने त्याला ग्राइंडरच्या खोक्यावर बसवलं.

"मेल्या, तुझी सुट्टी गेली," तो म्हणाला.

"तू कित्याक ओ दिलीस मगे?"

"गाऱ्हाण्याक ओ नाय दिली तर फळत नाय."

अबू नवाफ काही दिवसांनी परत आला. दंड भरला, बंदूक जमा झाली. भिकूशी तो बोलला नाही. काम चंदनच्या मार्फत सांगे. सुट्टीचा कागद वर्कशॉपच्या टेबलावर तसाच पडून राहिला, गणपती गेले, दिवाळीही गेली. भिकू विचारायला गेला नाही. शुक्रवारी उस्मान पत्र्याखाली येई, मदीह लावी, आणि शेख थांबला की भिकूकडे बघे. त्या सकाळबद्दल दोघं बोलत नसत.

खोऱ्यात आता कुठेही लांडगा टांगलेला दिसत नाही. पलीकडच्या बाजूला मात्र कधी कधी गिधाडं एकाच जागी उतरतात, आणि तिथे ताजी वाळू ओढलेली असते. परवानगी परत घेतली गेली, पण ज्यांना एकदा चव लागली त्यांच्यातल्या काहींनी टांगणं तेवढं सोडलं.

थंडी सुरू झाल्यावर एक मेंढी गेली. उस्मान आधी वर्कशॉपमध्ये आला.

"सांगू?" त्याने विचारलं.

भिकूने वेल्डिंगचा मुखवटा वर केला. "सांग."

"तू ये बरोबर."

दोघं गेले. अबू नवाफ ओट्यावर बसला होता. खांब समोर उभा होताच, आडवा हात असलेला, टोकाला कापल्याची चकचकीत खूण, तिच्यावर आता थोडा गंज आलेला. उस्मानने उभ्या उभ्याच सांगितलं, "लांडग्याने नेली."

अबू नवाफने पेला हलवला. त्याची नजर उस्मानवरून भिकूवर गेली, आणि भिकूवरून खांबावर.

"सरकारचा लांडगा," तो म्हणाला. मग, "कुठली नेली? ती काळ्या कानाची?"

"तीच."

"चांगली होती." त्याने उस्मानला बसायची खूण केली, आणि त्या सकाळनंतर पहिल्यांदाच भिकूकडे बघून बोलला. "मेंढवाड्याला वरून जाळी टाक. छत. मजबूत कर. आणि ते झालं की तुझा कागद घेऊन ये."

"जाळीला पाइप लागेल," भिकू म्हणाला.

अबू नवाफने हनुवटीने खांबाकडे दाखवलं. "तो घे."